शिवराम जानबा कांबळे : अर्ज, सभा आणि सत्याग्रहाचा वारसा

दरवर्षी १ जानेवारीला भीमा नदीकाठच्या जयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी लाखो बांधव येतात. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे आले होते, हे आपल्या वस्तीतल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण बाबासाहेब येण्याच्या कितीतरी आधी ज्यांनी या स्तंभाचा दाखला देत इंग्रज सरकारला जाब विचारला, स्तंभापाशी सभा घेतली आणि पुणे जिल्ह्यातल्या खेडोपाडीच्या माणसांना एका कागदावर सही-अंगठा करायला एकत्र आणले, त्या शिवराम जानबा कांबळे यांचे नाव मानवंदनेच्या गर्दीत फारसे ऐकू येत नाही. चळवळीच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे आहे. आज आंदोलन करणाऱ्या तरुणाला त्यांचे आयुष्य नीट माहीत असणे गरजेचे आहे, कारण ज्या दोन गोष्टींसाठी ते झटले त्याच दोन गोष्टी आज एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्या जात आहेत. एक म्हणजे सरकारी सेवेत मानाने शिरण्याचा हक्क, आणि दुसरी म्हणजे अन्यायाविरुद्ध एकत्र येऊन बोलण्याचा हक्क.

लष्कर भागातला वाचक

शिवराम जानबा यांचा जन्म १८७५ साली पुण्यात महार कुटुंबात झाला. त्या वेळचे पुणे दोन भागांत जगत होते. एक पेठांचे पुणे आणि दुसरे लष्कराचे, म्हणजे कॅम्पचे. पेठांत अस्पृश्यांच्या वाट्याला विटाळ होता. कॅम्पात साहेबांच्या घरी बटलर, खानसामा, घोड्याची निगा राखणारा अशा नोकऱ्या मिळत. त्या हलक्या समजल्या जात, पण महिन्याला रोख पगार असे आणि गावच्या वेठीतून सुटका होई. कांबळे यांनीही पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर म्हणून नोकरी केली.

या बटलरला वाचनाचे वेड होते. जोतीराव फुले आणि लोकहितवादी यांच्या लेखनाने त्यांच्या विचाराला वळण लावले. जोतीरावांचे निधन १८९० साली झाले तेव्हा कांबळे पंधरा वर्षांचे होते. सावित्रीमाई आणि जोतीरावांनी ज्या शहरात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्याच शहरात पुढच्या पिढीतला हा तरुण आपल्या समाजासाठी वाचनालय, संस्था आणि वर्तमानपत्र उभे करायला निघाला. श्रीशंकर प्रासादिक सोमवंशीय हितचिंतक मित्र समाज असे त्यांच्या संस्थेचे लांबलचक नाव होते. सोमवंशीय म्हणजे चंद्रवंशी. आपण मूळचे क्षत्रिय आहोत, असा दावा त्या नावात आहे. आज आपण बुद्धाच्या मार्गाने चाललो आहोत, त्यामुळे हे नाव आपल्याला जुनाट वाटेल. पण ज्या काळात नाव उच्चारताच समोरचा चार पावले मागे सरकत होता, त्या काळात माणसे आपल्यासाठी मानाचे नाव शोधत होती. हा शोध पुढे १९५६ ला नागपुरात संपला.

स्तंभावर नावे, भरतीला मज्जाव

कांबळे यांची पहिली मोठी लढाई लष्करभरतीची होती. तिची मुळे आपल्या शिरूरमध्ये आहेत. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इंग्रजांची एक तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावला पेशव्याच्या मोठ्या फौजेशी तिची गाठ पडली. त्या तुकडीत आठशेच्या आसपास सैनिक होते. पुढे १८२१ मध्ये नदीच्या पलीकडे, पेरण्याच्या बाजूला, विजयस्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर कोरलेल्या नावांत नाक हा प्रत्यय असलेली बावीस नावे महार सैनिकांची आहेत. इतर जातीधर्मांच्या सैनिकांचीही नावे तिथे आहेत.

मुंबई इलाख्याच्या फौजेत महारांनी एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने चाकरी केली, काही जण सुभेदारपदापर्यंत पोहोचले. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्यांतलेच. पण शतकाच्या शेवटी लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतींनी लढवय्या जातींचा सिद्धांत पुढे रेटला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांची नावे दगडावर कोरली त्यांच्याच नातवांना छावणीच्या दारातून परत पाठवले गेले. सरकारचा दुटप्पीपणा म्हणजे काय, हे समजायला याहून सरळ उदाहरण नाही.

या बंदीविरुद्ध पहिला आवाज कोकणातून उठला. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी दापोलीच्या अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने १८९४ साली अर्ज तयार केला. कांबळे यांनी तोच धागा पुणे जिल्ह्यात पुढे नेला. १९०३ च्या सुमारास त्यांनी सासवडला सभा बोलावली. एक्कावन्न गावांतले महार त्या सभेला आले. सभेतून निघालेल्या अर्जावर १,५८८ लोकांनी सह्या केल्या.

हा आकडा वाचून पुढे जाऊ नये. त्या काळात महार हा गावचा वतनदार होता, म्हणजे प्रत्यक्षात गावाचा बिनपगारी नोकर. सांगावा पोचवणे, सरकारी अंमलदाराचे ओझे वाहणे, मेलेले ढोर ओढणे, ही कामे त्याच्या गळ्यात होती, आणि बदल्यात बलुते व वतनाचा तुकडा. पाटलाचा रोष ओढवला तर बलुते बंद होई. अशा माणसाने एक दिवस काम टाकून चालत सासवड गाठायचे, सभेला बसायचे आणि सरकारला जाणाऱ्या कागदावर आपले नाव लिहू द्यायचे, हे आजच्या मोर्चाइतकेच जोखमीचे होते. बलुते बंद करणे आणि आजचा सामाजिक बहिष्कार, ही एकाच हत्याराची दोन नावे आहेत.

मासिक, मुरळी आणि जेजुरी

सरकारकडून ठोस काही पदरात पडले नाही. कांबळे यांनी मग सोमवंशीय मित्र हे मासिक १९०८ मध्ये पुण्यातून सुरू केले. महार समाजातल्या माणसाने आपल्या समाजासाठी चालवलेल्या सुरुवातीच्या नियतकालिकांत त्याची गणना होते. बाबासाहेबांचे मूकनायक त्यानंतर बारा वर्षांनी, १९२० साली निघाले.

या मासिकाने सरकारला आणि सवर्णांना जाब विचारला, तसा आपल्या घरालाही विचारला. खंडोबाला मुली सोडण्याची मुरळीची चाल हे आपल्या समाजाचे मोठे दुखणे होते. कांबळे यांनी तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. शिवुबाई नावाच्या एका मुरळीने आपले मन मोकळे करणारे पत्र सोमवंशीय मित्रकडे पाठवले, ते छापले गेले आणि पुढे गणपतराव गायकवाड या कार्यकर्त्याने त्यांच्याशी रीतसर लग्न केले. मुंबई प्रांतात देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा व्हायला १९३४ साल उजाडले. पंचवीस वर्षे आधी एका बटलरच्या मासिकात एक मुरळी स्वतःच्या नावाने बोलत होती. चळवळ फक्त बाहेरच्या शत्रूकडे बोट दाखवते, असा आरोप आपल्यावर नेहमी होतो. त्याला हे उत्तर पुरेसे आहे.

१९१० साली जेजुरीला, म्हणजे मुरळ्यांच्या प्रश्नाच्या मुळाशीच, दक्षिणेतल्या महारांची परिषद भरली. तिथून निघालेला अर्ज थेट विलायतेला, भारतमंत्र्यांकडे गेला. मागण्या साध्या होत्या. सरकारी खात्यांतल्या खालच्या जागा, पोलिसांतली शिपाईगिरी आणि लष्करातली भरती आम्हाला खुली करा, एवढेच मागणे होते. अर्जाची भाषा राजनिष्ठेची आहे, इंग्रजी राज्याविषयी कृतज्ञता तिच्यात आहे. त्यावरून आज कोणी कांबळे यांना इंग्रजधार्जिणे म्हणत असेल, तर त्याने एक गोष्ट तपासून पाहावी. त्याच काळात काँग्रेसचे मवाळ पुढारीही अशाच भाषेत अर्ज करत होते. त्यांच्या अर्जाला राजकारण म्हटले जाते आणि आपल्या माणसाच्या अर्जाला लाचारी. मोजपट्टी बदलते ती इथे.

युद्ध आले आणि इंग्रजांना माणसांची गरज पडली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपताच ती दुसऱ्या पलटणीत विलीन करून १९२१ पर्यंत मोडीत काढली गेली. गरज असेल तेव्हा लढवय्ये, गरज सरली की पुन्हा अस्पृश्य. महार रेजिमेंट कायमची उभी राहिली ती १९४१ मध्ये, बाबासाहेब संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर असताना.

अर्जाकडून पायरीकडे

१९२० नंतर काळ बदलला. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या, पण कागदावर. अंमलबजावणी स्थानिक संस्थांच्या मर्जीवर राहिली. हक्क द्यायचा आणि तो बजावणाऱ्याच्या पाठीशी मात्र उभे राहायचे नाही, ही सरकारी पद्धत महाडने उघडी पाडली. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्यावर पाणी पिणाऱ्यांना मार खावा लागला आणि डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम आडवा आला.

त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी कोरेगावच्या स्तंभाजवळ सभा झाली होती. तिच्या आयोजनात कांबळे यांचा पुढाकार होता आणि बाबासाहेब तिथे हजर होते. एका बाजूला पंचवीस वर्षे अर्ज लिहिणारा, साहेबाच्या भाषेत साहेबाला पटवणारा पन्नाशीचा कार्यकर्ता, दुसऱ्या बाजूला कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेला पस्तिशीतला नेता. इथे दोन पिढ्या भेटल्या. वयाने आणि कामाने ज्येष्ठ असलेल्या कांबळे यांनी नव्या नेतृत्वाशी स्पर्धा केली नाही, आणि स्वतः घरीही बसले नाहीत.

१३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्यात पर्वती सत्याग्रह सुरू झाला. कांबळे आणि पांडुरंग नाथुजी राजभोज हे त्याचे पुढारी होते. कांबळे महार, राजभोज चांभार. पोटजातींच्या भिंती किती उंच होत्या हे ज्याला माहीत आहे, त्याला या जोडीची किंमत कळेल. त्यांच्यासोबत एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ यांच्यासारखे सवर्ण तरुणही होते. सत्याग्रही पायऱ्या चढून गेले, पण देवळाचे दार बंद होते आणि सनातन्यांच्या जमावाने दगडफेक केली. राजभोज जखमी झाले. सत्याग्रह पुढे जानेवारी १९३० पर्यंत चालला, दार उघडले नाही.

त्या वेळच्या पुण्याकडे जरा नीट पाहू. हेच शहर मुळशीच्या धरणग्रस्तांच्या सत्याग्रहाचे कौतुक करत होते. पर्वतीनंतर काही महिन्यांतच मिठाचा सत्याग्रह आला आणि तुरुंगात जाणाऱ्यांना याच शहराने हार घातले. म्हणजे सत्याग्रह हे साधन पुण्याला मान्य होते. ते कोण वापरतो, यावर ते देशभक्ती ठरत होते की दंगामस्ती. सरकारही धर्माच्या बाबतीत आपण तटस्थ आहोत, असे म्हणत बाजूला उभे राही. ज्याच्या हातात दाराची किल्ली आहे आणि ज्याच्या कपाळावर दगड लागला आहे, त्या दोघांच्या मधली तटस्थता कोणाच्या कामी येते हे वेगळे सांगायला नको. देवळे कायद्याने खुली झाली ती १९४७ मध्ये. तोवर समाज देवळाच्या दारापासून दूर निघाला होता. येवल्यात १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली होती.

आज शिरूर-दौंडमध्ये

कांबळे यांनी जेजुरीहून ज्या जागा मागितल्या, त्या आज संविधानाने खुल्या केल्या आहेत. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत. शिरूर आणि दौंडच्या मैदानांवर पहाटे धावणाऱ्या भरतीच्या मुलांत आपली मुले-मुली मोठ्या संख्येने असतात. ऊसतोड, वीटभट्टी किंवा एमआयडीसीतल्या कंत्राटी कामातून घर बाहेर काढायचे तर पोलीस किंवा लष्करभरती हा अजूनही सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

याच मुलांच्या मनात एक भीती घर करून बसली आहे. मोर्चात गेलो, फोटोत दिसलो, गुन्ह्यात नाव आले, तर चारित्र्य पडताळणीत अडकू. ही भीती हवेतली नाही. कोणत्याही आंदोलनाची चाहूल लागताच कार्यकर्त्यांच्या घरी पोलिसांची नोटीस येते. पूर्वी ती १४९ ची नोटीस म्हणून ओळखली जायची, आता नव्या संहितेत कलम १६८ आहे. जमावबंदीचे आदेश महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात वरचेवर निघतात. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने शांततेने, शस्त्रांविना जमण्याचा हक्क दिला आहे. त्यावर वाजवी बंधने घालता येतात, पण बंधन हा अपवाद आहे. गावपातळीवर मात्र परवानगी हाच नियम आणि हक्क हा अपवाद होऊन बसला आहे.

१ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा, सणसवाडी परिसरात जे घडले त्याच्या जखमा आपल्याकडे सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मानवंदनेला आलेल्यांवर दगडफेक झाली, गाड्या-दुकाने जळाली, एका तरुणाचा जीव गेला. तो तरुण मराठा समाजातला होता, आणि त्याच्या आईचे दुःख आपल्या कोणत्याही आईच्या दुःखाहून कमी नाही. त्यानंतर ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला आणि राज्यभर गुन्हे नोंदले गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्र्यांनी विधिमंडळात माहिती दिली की कोरेगाव भीमा प्रकरणातले ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतले आहेत. मराठा आरक्षण आंदोलनातले मागे घेतलेले गुन्हे तेव्हा ५४८ पैकी ४६० होते. मराठा तरुणांवरचे गुन्हे मागे घेतले याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. तीही शेतकऱ्याचीच मुले आहेत. प्रश्न एवढाच की दोन्ही आकड्यांत इतके अंतर का राहिले.

दुसरी तुलना याहून कठोर आहे. हिंसाचाराच्या प्रकरणात मिलिंद एकबोटे यांना मार्च २०१८ मध्ये अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात जामीन मिळाला. संभाजी भिडे यांचे नाव फिर्यादीत असूनही त्यांना अटक झाली नाही. दोष कोणाचा हे न्यायालयाने ठरवायचे. पण एल्गार परिषदेच्या प्रकरणात यूएपीएखाली सोळा जणांना अटक झाली, खटला उभा राहण्याआधीच त्यांतल्या अनेकांची वर्षे तुरुंगात गेली आणि फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच वारले. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेल्या धरपकडीत कायद्याचे शिक्षण घेणारा आपला एक तरुण न्यायालयीन कोठडीत दगावला. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. ते कोणावर वापरले जाईल, ही शंका या अनुभवातून येते.

दुटप्पीपणाचा दुसरा परिणाम गावात दिसतो. आंदोलन जातीच्या चौकटीत कोंडले की सरकारचे काम सोपे होते. एका जातीचे गुन्हे मागे घ्यायचे, दुसऱ्या जातीचे लटकत ठेवायचे आणि दोघांना एकमेकांकडे संशयाने पाहायला लावायचे. शिरूरच्या गावांत मराठा, माळी, धनगर, मातंग, बौद्ध हे एकाच कालव्याच्या पाण्यावर, एकाच कारखान्याच्या कंत्राटावर जगतात. पर्वतीच्या पायऱ्यांवर कांबळे आणि राजभोज यांनी जे केले, ते गावच्या पारावर करणे आज आपल्या हातात आहे. मातंग वस्तीवर अन्याय झाला तर बौद्ध तरुणांनी आधी जायला हवे, आणि शेतकऱ्याच्या मोर्चात निळा झेंडाही दिसायला हवा.

कांबळे यांच्या कामातून घेण्यासारखी शिस्त अगदी व्यवहारी आहे. आधी गावोगावी जाऊन माणसे जोडायची. मागणी कागदावर नेमकी लिहायची, सह्या घ्यायच्या, पोच घ्यायची. आपले म्हणणे आपल्याच माध्यमातून मांडायचे. अर्जाला उत्तर आले नाही तर शांततेने रस्त्यावर यायचे. प्रत्येक तालुक्यात आंदोलनातल्या गुन्ह्यांची यादी करणे, कोणता गुन्हा मागे घेण्यास पात्र आहे हे वकिलाकडून तपासून घेणे, माहिती अधिकारात त्याचा पाठपुरावा करणे, भरतीच्या मुलांना पडताळणीच्या वेळी एकटे न सोडणे, हे काम आजच सुरू करता येईल. सासवडला एक्कावन्न गावे जमली तेव्हा मोबाइल नव्हता, एसटी नव्हती, संविधानही नव्हते.

आंदोलन करणारा तरुण आणि वर्दीसाठी धावणारा तरुण, हे दोघे शिवराम जानबांच्या एकाच अर्जाचे वारस आहेत. त्यांना एकमेकांपासून तोडू देऊ नका.

जय भीम!